हरल्यावर गेम तुमच्याकडे काय मागतो? एका खेळाडूचा हिशेब

'एल्डन रिंग'पासून 'कँडी क्रश'पर्यंत, गेम चांगला की वाईट हे ओळखायचं कसं?

आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पार्लर म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची पत्र्याची खोली आणि तीन मशीन. त्यातल्या एका मशीनला कायम पोरांचा गराडा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये आणलेला. ते नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर तो आमच्यासाठी 'मुस्तफा' होता, पिवळ्या टोपीवाल्या पात्राच्या नावानं.

सगळे जीव संपले की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू व्हायचे. तेवढ्यात नाणं पडलं तर जिथं मेलो तिथूनच पुढे, नाहीतर पुन्हा पहिल्या रस्त्यापासून. ते आकडे मोजले जात असताना खिसे चाचपडण्याची जी घाई व्हायची, तशी पुढे परीक्षेतही झाली नाही. मला वाटायचं, आपण खेळायला कच्चे आहोत. मशीन आतून कसं चालतं हे वाचलं तेव्हा कळलं की अवघडपणा कमी-जास्त करण्याची सोय मशीनच्या सेटिंगमध्येच असते आणि ती मालकाच्या हातात असते. एकाच नाण्यावर तासभर खेळणारा पोरगा मालकाला परवडत नाही. माझं हरणं हाच त्याचा धंदा होता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आलेला ताईचा फोन. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याला मोबाइलवर एक गेम हवा होता. "तू एवढा गेम खेळतोस, पेपरातही त्यावरच लिहितोस. हा चांगला आहे का, तेवढं सांग." गेम मी खेळलेला नव्हता. म्हणून एवढंच म्हणालो, "त्याच्यासोबत बसून एकदा हरून बघ. हरल्यावर गेम काय मागतो ते मला सांग."

गेम निवडताना मी स्वतः हेच बघतो. ग्राफिक्स, गोष्ट, संगीत हे सगळं त्यानंतर. आतापर्यंत खेळलेले काही गेम याच कसोटीवर लावून बघतो.

'एल्डन रिंग': पुन्हा ये, पण बघून ये

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. हिदेताका मियाझाकी यांच्या गेमची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे: ते अवघड असतात. 'एल्डन रिंग'च्या मोकळ्या मैदानात पाऊल टाकलं की थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. नवा खेळाडू उत्साहानं त्याच्याकडे धावतो आणि काही सेकंदांत मरतो. मीही मेलो.

हरल्यावर हा गेम काय घेतो? शत्रूंना मारून जमवलेले 'रून्स' जिथं मेलात तिथंच पडून राहतात. परत जाऊन ते उचलता येतात, पण वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. ऐकायला हे क्रूर वाटतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. गेममध्ये जमवलेलं गेममध्येच गेलं, तुमच्या बँक खात्याला हात लागला नाही. पैसे भरून ते परत मिळवायची खिडकीही गेममध्ये कुठं नाही.

मार्गिट नावाचा पहिला मोठा शत्रू मला एकतीस प्रयत्नांनंतर हरवता आला. तो काठी उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. तुम्ही घाबरून आधीच उडी मारता आणि उतरता त्या क्षणी काठी खाली येते. दहा-बारा वेळा मेल्यावर लक्षात येतं की तो तुमच्या घाईला मारतो आहे. त्यानंतर तुम्ही काठीऐवजी त्याच्या खांद्याकडे बघायला लागता. पुढच्या वेळी मेलो तरी आपण काय चुकलो हे मला सांगता येत होतं. हरल्यावर नवं काही कळत असेल, तर माझ्या लेखी तो गेम पैसे वसूल.

तक्रार एकच. नोकरी करणाऱ्या माणसाला हा गेम झेपत नाही. रात्री दहाला बसलो आणि साडेबाराला उठलो, तेव्हा मी गेममध्ये नेमका तिथंच होतो. अवघड म्हणजे थोर, असा एक समज खेळाडूंमध्ये आहे, तो मला पटत नाही. सोपी पातळी निवडायची सोय 'एल्डन रिंग'मध्ये नाही. त्याचे चाहते या गोष्टीचा अभिमान बाळगतात. मला तो थोडा पोकळ वाटतो.

पोकळ का, ते 'सेलेस्ट' खेळल्यावर कळतं. २०१८ चा हा छोटा गेम. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आहे आणि तिच्या मनात भीतीनं घर केलं आहे. उड्या इतक्या अवघड की एकेका पडद्यावर पन्नास-साठदा पडायला होतं. पण पडलात की क्षणार्धात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत उभे. किती वेळा मेलात याचा आकडा गेम ठेवतो आणि त्याची लाज बाळगू नका, असं बजावतो. शिवाय 'असिस्ट मोड' आहे. गेमचा वेग कमी करा, दम संपू देऊ नका, हवं तर मरणच बंद करा. त्यासाठी टोमणा नाही की दंड नाही. एवढी सोय देऊनही 'सेलेस्ट'चा अवघडपणा कुठं कमी झालेला नाही.

'हेडीज'नं (२०२०) तर हरणं गोष्टीतच विणलं आहे. पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून पळून जायला बघतो. वाटेत मेला की रक्ताच्या कुंडातून पुन्हा बापाच्या दिवाणखान्यात. तिथं झोपेचा देव हिप्नॉस यादी बघून 'या वेळी कोणी मारलं' ते सांगतो आणि वर फुकटचा सल्ला देतो. प्रत्येक मरणानंतर कोणीतरी नवं काही बोलतं, त्यामुळे हरल्याचं वाईट वाटायला वेळच मिळत नाही. फार अवघड जात असेल तर 'गॉड मोड' चालू करता येतो. त्यात प्रत्येक मरणागणिक तुमची मार सोसण्याची ताकद थोडी वाढते.

चूक तुमची, भरणार कोण?

मी खेळलेल्या गेममध्ये सगळ्यात जास्त त्रास दिला तो 'पेपर्स, प्लीज'नं. लुकास पोप यांनी २०१३ मध्ये आणलेल्या या गेममध्ये तुम्ही अर्स्टोत्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून असता. लोक रांगेत येतात, तुम्ही पासपोर्ट तपासायचा, शिक्का मारायचा. बंदूक नाही, उडी नाही. सरकारी खिडकीमागे बसलेला माणूस असा का वागतो, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं हा गेम खेळावा.

दर दिवशी नियम वाढतात. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे थोडे पैसे मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना इशारा मिळतो, तिसरीपासून पगार कापला जातो. संध्याकाळी हिशेब समोर येतो: घरभाडं, अन्न, घर गरम ठेवण्याचा खर्च, आजारी मुलाचं औषध. पैसे पुरले नाहीत तर काय बंद करायचं, ते तुम्ही ठरवायचं.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. त्याची कागदपत्रं चोख. जाताना तो विनवतो, मागून माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते. तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. नियमानं वागलात तर त्यांची ताटातूट. माणुसकीनं वागलात तर चूक तुमच्या नावावर, आणि तशी तिसरी चूक झाली की घरात एक वस्तू कमी. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा तिला परत पाठवलं. मुलाला ताप होता. हे सगळं चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत घडतं, तरी मी उठून पाणी पिऊन आलो.

म्हणजे इथं हरण्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं. इतका विचार करायला लावणारा गेम अकरा वर्षांच्या मुलासाठी नाही, हे मात्र मी ताईला आधीच सांगून टाकलं.

याच्या अगदी उलट 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणानं साधारण साडेचार वर्षं एकट्यानं खपून, मध्ये थिएटरात अर्धवेळ नोकरी करत, तो बनवला आणि २०१६ मध्ये आणला. आजोबांनी ठेवलेली पडीक शेती, नांगरट, पेरणी, गावातल्या माणसांशी ओळखी. इथं हरणं जवळपास नाहीच. रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर चक्कर येऊन पडता आणि थोडे पैसे जातात, एवढंच. खेळून मन शांत होतं. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्या मित्राला हा गेम दाखवला तर तो पोट धरून हसला. टीव्हीवरचा पावसाचा अंदाज रोज खरा ठरतो. कितीही माल विकायला काढला तरी भाव पडत नाही. लासलगावचा कांदा उत्पादक याला शेतीचा गेम म्हणणार नाही, परीकथा म्हणेल. तरीही रोज रात्री अर्धा तास ती परीकथा मला हवी असते.

पैसे नाही, पण वेळ?

'कँडी क्रश सागा' २०१२ पासून आहे आणि माझी आई तो माझ्यापेक्षा चांगला खेळते. पाच जीव. एक गेला की भरायला तीस मिनिटं. पाचही गेले की थांबा, नाहीतर मित्रांकडे मागा किंवा पैसे मोजा. कोडं सुटता सुटता चाली संपल्या की पाच जादा चाली विकायला गेम तयारच असतो, आणि तेव्हा पडद्यावर नेमकी एक-दोन चौकटींचीच कसर राहिलेली असते. 'थोडक्यात हुकलं' ही भावनाच इथं विकायला ठेवलेली आहे. मुस्तफाच्या मशीनवरचे उलटे आकडे तेच काम करायचे.

पण नुसत्या पैशावर बोट ठेवून चालत नाही, हे 'फ्लॅपी बर्ड'नं दाखवलं. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांनी २०१३ मध्ये बनवलेला हा गेम. पाइपांच्या फटीतून पक्षी न्यायचा, आपटला की संपलं. हरल्यावर गेम एक पैसा मागत नाही. एक टॅप, की पुन्हा सुरुवात. नेमकं तेच घातक ठरलं. थांबावं अशी जागाच नाही. हॉस्टेलच्या मेसच्या रांगेत मी ताट हातात धरून तो खेळलो आहे. लोक त्याच्या आहारी जाताहेत म्हणून न्युएन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये, गेम ऐन भरात असताना, तो स्वतःहून काढून घेतला. जाहिरातींतून दिवसाला सुमारे पन्नास हजार डॉलर मिळत असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. एवढी कमाई सोडणारा दुसरा गेमनिर्माता मला तरी माहीत नाही.

म्हणून माझ्या कसोटीत एक भर घातली आहे. हरल्यावर गेम मला थांबू देतो का, हेही बघायचं.

हरणं लढाईत नाही, सोडतीत

आता ज्या प्रकाराबद्दल पालकांना सगळ्यात कमी माहिती असते, त्याकडे येऊ. 'गेन्शिन इम्पॅक्ट' सप्टेंबर २०२० मध्ये आला. फुकट आहे आणि खरोखर देखणा आहे. डोंगर चढा, हवेत तरंगा, पूर्ण गोष्ट एक रुपया न देता खेळा. मी जवळपास वर्षभर खेळलो आणि पुष्कळ आनंद घेतला. या गेममधल्या लढाया सोप्याच आहेत. हरायचं ते नवं पात्र मिळवण्याच्या सोडतीत.

कंपनीनंच जाहीर केलेले आकडे असे: सर्वोच्च, म्हणजे पंचतारांकित पात्र एका सोडतीत निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या सोडतीपर्यंत मात्र ते नक्की मिळतं. पण मिळालेलं पात्र जाहिरातीतलंच असेल, असं नाही. ते हुकलं तर पुढच्या वेळी नक्की. म्हणजे नशीब अगदीच फिरलं तर १८० सोडती. एका सोडतीला १६० 'प्रिमोजेम' लागतात, म्हणून २८,८००.

इंजिनिअरिंगला शिकलेलं गणित इथं कामाला येतं. नुसती मूळ ०.६ टक्के शक्यता धरली, तर सलग पन्नास सोडतींत एकदाही काही न निघण्याची शक्यता ७४ टक्के येते. चारातल्या तिघांच्या हाती पन्नास प्रयत्नांनंतर भोपळा. पण माणसाचं डोकं असं हिशेब करत नाही. ते म्हणतं, एवढे गेले, आता निघेलच. नव्वदची हमी या विचाराला आणखी खतपाणी घालते, कारण सत्तरवर थांबणं म्हणजे सत्तर वाया घालवणं वाटायला लागतं.

दुसरी मेख किमतीत आहे. रुपयांनी घ्यायचे क्रिस्टल, क्रिस्टलचे करायचे प्रिमोजेम, प्रिमोजेमची घ्यायची सोडतीची चिठ्ठी. तीन वेळा चलन बदलल्यावर आपण नेमके किती रुपये उडवले, हे सांगायला कॅल्क्युलेटर लागतो. म्हाडाच्या सोडतीत घर लागलं नाही तर निदान अनामत रक्कम परत येते.

हे मी शहाणपणानं सांगतो आहे असं वाटू नये. अशाच धर्तीच्या दुसऱ्या एका गेममध्ये, त्याचं नाव नको, मी पहिल्या पगारातले साडेतीन हजार रुपये एका रात्रीत घालवले. हवं ते पात्र मिळालं नाही. दोन महिन्यांनी गेम फोनमधून काढला, तेव्हा मिळालेली पात्रंही गेली.

पैसे मोजून विकत घेतलेल्या गेममध्येही हा प्रकार शिरला होता. २०१७ च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये अशा पेट्यांमुळे ताकद मिळत होती. खेळाडू इतके चिडले की रेडिटवर कंपनीनं केलेल्या खुलाशाला सहा लाखांहून अधिक लोकांनी नापसंती दिली. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगानं पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

आपल्याकडचं काय?

भारतात गेम म्हटलं की अनेकांना आधी 'पबजी' आठवतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' होऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पालक त्याच्या नावानं जितकी बोटं मोडतात तितका तो वाईट नाही, असं माझं मत आहे. शंभर जण उतरतात, शेवटी एक संघ उरतो. हरलात तर पुढचा सामना पहिल्यापासून, सगळ्यांसाठी सारखाच. तिथंही नशिबाच्या पेट्या आहेत, पण त्यातून निघतात कपडे आणि बंदुकीचे रंग. हजारो रुपयांचा पोशाख घातलेला खेळाडूही तेवढ्याच गोळ्यांत पडतो. खरी अडचण वेळेची आहे. अर्ध्या तासाचा सामना मध्येच सोडला तर मित्र तोंडघशी पडतात. 'जेवायला ये' ही हाक मुलाला ऐकू न येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सामना संपेपर्यंत दहा मिनिटं द्या, निम्मी भांडणं मिटतील.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' (२०२०) माझ्यासाठी जवळचा आहे. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता. तरीही गेम पूर्ण झाला आणि 'द गेम अॅवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, पहाडी शैलीतली भित्तिचित्रं. दृश्यं बघून छाती फुगते. पण आपला आहे म्हणून गुण वाढवून देणार नाही. लढाया लवकरच एकसारख्या वाटायला लागतात आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर आटोपते. काही ठिकाणी मी मेलो ते माझ्या चुकीनं की उडी नीट लागली नाही म्हणून, हेच कळलं नाही. 'एल्डन रिंग'मध्ये मला ही शंका फार कमी वेळा आली. हरण्याचं कारण खेळाडूला स्वच्छ दिसणं, हे कामच सगळ्यात अवघड आहे.

कायद्याचं बोलायचं तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ त्यानं बंद केले, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आणि सोशल गेम वेगळे ठेवले. म्हणजे कायद्याचा रोख जिंकलेले पैसे हातात येतात त्या खेळांवर आहे. पैसे देऊन नुसतं एक पात्र किंवा पोशाख मिळण्याची आशा विकत घेणं, हा व्यवहार त्या वादात फारसा आलाच नाही.

तोवर घरच्या घरी काय बघता येतं? प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली 'इन-अॅप पर्चेस' लिहिलेलं असतं. पुढे गेमच्या माहितीत एका वस्तूची किमान आणि कमाल किंमतही असते. कमाल आकडा हजारांत दिसला तर थबका. नशिबाच्या पेट्या असतील तर त्यांतून काय निघण्याची किती शक्यता आहे, हे खरेदीआधी जाहीर करणं गुगल आणि अॅपल दोघांनीही बंधनकारक केलं आहे. बहुतेक गेम ते दोन-तीन पडदे आत, बारीक अक्षरांत ठेवतात. मुलासोबत बसून ते पान शोधा. आणि फोनवरच्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, हे आधी करा.

ताईचा रात्री पुन्हा फोन आला. ती हरून बघत होती. पहिल्यांदा हरल्यावर जाहिरात आली. दुसऱ्यांदा हरल्यावर एकोणतीस रुपयांत तलवार, फक्त दहा मिनिटांसाठी, खाली उलटे आकडे. मी विचारलं, "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तीच तलवार एकोणीस रुपयांत," ताई म्हणाली. "अरे, हा तर स्टँडसमोरचा कटलरीवाला!"

भाच्यासाठी सध्या 'स्टारड्यू व्हॅली' घेतला आहे. एकदाच पैसे दिले, बाकी काही नाही. काल त्याचा मेसेज आला: ऋतू बदलला आणि त्याचं सगळं पीक एका रात्रीत वाळून गेलं. पुढच्या वेळी तारीख बघून पेरणार आहे म्हणे.